हनोईत तिसरा दिवस आणि परत यावंसं वाटतंय

ओली_चप्पल (मंगळवार, रात्री 11:40)

नमस्कार मंडळी. या फोरमवर बरीच वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय आणि तेही रडगाणं आहे, सांभाळून घ्या.

वय 28, मूळ साताऱ्याचा, पुण्यातली नोकरी जानेवारीत सोडली आणि नऊ आठवड्यांचा प्लॅन केला. आधी व्हिएतनाम, मग लाओस, परत थोडं व्हिएतनाम, मग थायलंड आणि बँकॉकहून मुंबई. एकटाच. याआधी एकट्याने केलेला सगळ्यात मोठा प्रवास म्हणजे हंपी, चार दिवस, आणि तिथेही तिसऱ्या दिवशी मित्र येऊन टपकला होता.

शनिवारी रात्री दोनला नोई बाय एअरपोर्टला उतरलो. टॅक्सीवाल्यांचा घोळका बघून घाबरलो आणि सकाळपर्यंत खुर्चीवरच बसून राहिलो, मग 86 नंबरची केशरी बस पकडली. तिकीट 45 हजार डोंग (इथलं चलन). ऐकून पोटात गोळाच आला, नंतर हिशेब केला तर दीडशे रुपये.

आता रडगाणं. मी उकाड्याच्या तयारीने आलोय, पाच हाफ पँट आणि एक पातळ जॅकेट, आणि इथे सतरा-अठरा डिग्री, आभाळ राखाडी ते राखाडीच, दिवसभर भुरभुर. पाऊस म्हणावा तर छत्री उघडायची लाज वाटते आणि नाही म्हणावं तर अर्ध्या तासात शर्ट अंगाला चिकटतो. हॉस्टेलच्या लादीला अक्षरशः घाम फुटलाय, काल जिन्यात आपटता आपटता वाचलो. रविवारी धुतलेले मोजे अजून तसेच आहेत, आता वासही यायला लागलाय.

रविवारी तळ्याजवळ एका बाईने हसत हसत तिची फळांची कावड माझ्या खांद्यावर ठेवली, फोटो काढ म्हणाली, मलाही मजा वाटली. मग पैसे मागितले. मी 20 हजारची नोट दिली असं मला वाटलं, ती गर्दीत गेली पण. रात्री पाकीट मोजताना कळलं की ती 500 हजारची होती. दोन्ही नोटा निळ्या हो! सोळा-सतराशे रुपयांना पडला तो फोटो, आणि त्यात माझे डोळे मिटलेत.

सोमवारी पाऊण तास चालत हो ची मिन्हच्या समाधीला गेलो, सोमवारी बंद असते. खायचं म्हणाल तर मी अंडी खातो, बाकी काही नाही, त्यामुळे तीन दिवस केळी, ब्रेड आणि आईने दिलेला चिवडा. डॉर्ममध्ये आठ बेड आहेत, सगळे विशीतले गोरे पोरं-पोरी, रात्री गच्चीवर गेम खेळत पितात, एकदा जाऊन बसलो तर मी कुणाचा तरी मामा असल्यासारखं वाटलं. आईला व्हिडिओ कॉलवर तळं दाखवलं, हसलो, मस्त चाललंय म्हणालो आणि फोन ठेवून वरच्या बंकवर पडून राहिलो.

प्रश्न असा की हे सगळ्यांना होतं की माझंच काहीतरी चुकतंय? आणि परत यायचंच असेल तर अजून पैसे घालवायच्या आधी आत्ताच यावं का? मुंबईचं तिकीट सतरा हजारला दिसतंय. टॅब उघडी ठेवलीय.

शून्य_बजेट

नोकरी सोडायच्या आधी मार्चमधलं हवामान बघायचं ना भाऊ. बाकी चालू दे.

तीन_हात_नाका

वरच्या कमेंटकडे लक्ष देऊ नकोस, यांचा स्वतःचा पासपोर्ट कोरा आहे हे या फोरमवर सगळ्यांना माहितीय 😄

मी 41 ची, ठाण्याची, पहिल्यांदा एकटी निघाले तेव्हा 36 ची होते. बँकॉकचा माझा दुसरा दिवस सांगते. हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून मोबाइलवर मराठी मालिकेचे जुने एपिसोड बघितले, सलग सात. भूक लागली की खाली जाऊन सेव्हन इलेव्हनमधून दही आणि केळी आणायची आणि परत वर. कुणाशी बोलले नाही, कुणी काही वाईटही केलं नव्हतं, फक्त बाहेर पडलं की दर मिनिटाला काहीतरी ठरवायला लागायचं आणि मला ठरवायचाच कंटाळा आला होता. घरी आपण सकाळपासून रात्रीपर्यंत फारसं काही ठरवत नाही रे, चहा कुठे प्यायचा, रिक्षाला किती द्यायचे, रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालायचं, सगळं हाताला सवयीचं असतं. तिथे प्रत्येक गोष्ट परीक्षेसारखी, आणि तू तर तीन दिवस उपाशी आणि ओल्या मोज्यांवर परीक्षा देतोयस.

मी काय केलं सांगते. गल्लीच्या तोंडाशी एक भाताची गाडी होती, तिथे ओळीने तीन सकाळी गेले, तेच मागितलं, त्याच स्टुलावर बसले. तिसऱ्या दिवशी त्या बाईने मी बोलायच्या आधीच अंडं तव्यावर टाकलं. बस, एवढंच. त्या दिवशी मी पहिल्यांदा नकाशा न बघता नदीपर्यंत गेले आणि बोटीतही बसले.

म्हणून माझं म्हणणं, उद्या काही नवीन बघायला जाऊ नकोस. तुमच्या हनोईत फुटपाथवर प्लास्टिकची बुटकी स्टुलं टाकून बर्फ घातलेला चहा विकतात, त्याला च्या दा म्हणतात, अगदी स्वस्त असतो. एक टपरी पकड आणि दिवसातून दोनदा तिथेच जा. परवाही तिथेच. आणि तुझ्याकडे एक्सेल शीट असणार, मला खात्री आहे, ती बंद कर.

सायगॉनकर

अरे मराठी माणूस व्हिएतनाममध्ये! मी सहा वर्षं सायगॉनला आहे, म्हणजे कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण इथे बोलताना सगळे सायगॉनच म्हणतात. रेल्वेने हनोईपासून 1,726 किलोमीटर, आणि इथे आत्ता ऊन मी म्हणतंय. तू आलायस तो देश हवामानाच्या हिशेबात एक नाहीच मुळी.

लादीला घाम फुटतो त्याला उत्तरेत नोम म्हणतात, फेब्रुवारी ते एप्रिल चालतं. समुद्रावरून दमट हवा येते आणि थंडीने गार पडलेल्या लादीवर, भिंतीवर पाणी धरते. आपल्या डोक्यात येतं खिडक्या उघडाव्या, वारा यावा, पण तिथली माणसं उलट दारंखिडक्या घट्ट बंद करतात, कारण वाऱ्याबरोबर अजून ओल आत येते. हॉस्टेलवाल्याला एसी ड्राय मोडवर लावायला सांग. आणि मोजे खोलीत वाळवायचा नाद सोड. झत ला अशी पाटी गल्लोगल्ली असते, किलोवर कपडे घेतात, ड्रायरमधून काढून संध्याकाळी कडकडीत वाळवून देतात. आधी ते कर. कोरडे मोजे घातले की अर्धं नैराश्य जातं, चेष्टा नाही करत.

खाण्याचं. एकच शब्द पाठ कर, चाय. चाय म्हणजे चहा नाही, चाय म्हणजे शाकाहारी 😀 क्वान चाय किंवा कोम चाय पाटी दिसली की डोळे मिटून आत शीर, सगळं शाकाहारी. हे बौद्ध जेवण, यात कांदा-लसूणही बऱ्याचदा नसतो. इथली बरीच माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, आपल्याकडे संकष्टी-एकादशी धरतात तसं, त्यामुळे कुणाला ते विचित्र वाटत नाही. साध्या हॉटेलात नुसती भाजी मागवशील तर त्यात न्योक माम म्हणजे माशाचा सॉस पडणारच, तो त्यांच्या मते मीठच आहे. म्हणून तोय आन चाय म्हणायचं, मी चाय खातो. आणि अंडं चालतं ना, मग बान मी चुंग माग, गरम पावात ऑम्लेट, दर शंभर पावलांवर मिळतं. तीन दिवस केळी खाल्ली म्हणजे कमाल आहे बाबा तुझी.

पैशाचं: तीन शून्यं उडव, तीनने गुण, त्यात थोडं वाढव. आणि 500 हजारच्या नोटा पाकिटात ठेवूच नकोस, वेगळ्या खिशात ठेव. मी इथे राहून पण तेच करतो. कावडीचा खेळ जुना आहे, तुला एकट्यालाच नाही धरलं. चप्पल दुरुस्त करतो म्हणून पायातली चप्पल ओढून डिंक लावणारे पण आहेत त्याच भागात, तुझं नाव बघून सांगतोय.

आता महत्त्वाचं. तू लिहिलंयस लाओस आणि परत व्हिएतनाम. ई-व्हिसा सिंगल एंट्री काढलायस का मल्टिपल? आत्ता उघडून बघ.

कोथरूड_रिटर्न

सगळे थांब थांब म्हणतायत म्हणून मी उलटं सांगतो. मी 2019 ला काठमांडूहून सहाव्या दिवशी परत आलो होतो, ठरवले होते पाच आठवडे. पुण्यात उतरल्यावर आठवडाभर कुणाला सांगितलं नाही की आलोय, मित्राच्या फ्लॅटवर लपून राहिलो, इतकी लाज. आता विचार केला तर हसू येतं, कारण कुणी काही म्हणालं नाही, कुणाला पडलेलीच नव्हती. 2022 ला परत गेलो आणि सात आठवडे राहिलो. मधल्या काळात मी काही शूर वगैरे झालो नव्हतो, फक्त सॅक सतरा किलोची नऊ किलोवर आणली होती आणि पहिल्या चार रात्रींसाठी स्वतंत्र खोली बुक केली होती.

तर यायचं असेल तर ये. फक्त रात्री अकरा चाळीसला तिकीट काढू नकोस. सकाळी पोटभर खाऊन झाल्यावर पण तसंच वाटलं तर काढ. आणि डॉर्म सोड रे आधी. 28 व्या वर्षी आठ बेडच्या खोलीत गच्चीवरच्या पार्टीखाली झोपायचं कुणी सांगितलंय, पैसे थोडे जास्त जातील पण दार बंद करता येईल.

घाटावरचा

उत्तर व्हिएतनामला गेलायस म्हणजे 'हा जियांग' लूप, तो डोंगरातला बाईकचा फेरा, डोक्यात असणारच, आणि आता मूड सुधारला की तू भाड्याने बाईक घेणार. घेऊ नकोस. आपल्याकडे आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट 1949 च्या आंतरराष्ट्रीय वाहतूक करारावरचं असतं, आणि व्हिएतनाम 1968 च्या करारावरचं मानतं. म्हणजे आपलं ते पुस्तक तिथे नुसतं पुस्तक. लूप करायचाच तर इझी रायडर घे, बाईक तिथला माणूस चालवतो, तू मागे बसून दऱ्या बघ.

शून्य_बजेट

मी चालवलीय, कुणी विचारलं नाही.

घाटावरचा

पोलीस विचारत नाहीत तोवर ठीक असतं. पडल्यावर इन्शुरन्सवाला विचारतो. पहिला कागद लायसनचा मागतात आणि तो नसेल तर हॉस्पिटलचं बिल तुझं तू बघ. माझ्या ग्रुपमधल्या एकाचा खांदा गेला होता, फोनवर घरून पैसे मागवताना त्याचा आवाज ऐकलाय मी. वरंधा घाट रोज उतरणारा असलास तरी मुद्दा तो नाही, मुद्दा कागदाचा आहे.

निवृत्त_नाशिककर

चिरंजीव, मी 2023 साली व्हिएतनामला गेलो तेव्हा 63 वर्षांचा होतो, गुडघ्याला पट्टा होता आणि बायको म्हणाली होती की तुम्ही विमानतळावरूनच परत याल. त्यामुळे तुमची मनःस्थिती मला समजते. माझीही पहिली रात्र भयंकर गेली, पण त्याचं कारण मी सोबत नेलेली गूळपोळी विमानात सांडली हे होतं, ते असो.

तीन_हात_नाका ताईंनी सांगितलेलं मला पटलं, पण मी एका जागी बसून राहणाऱ्यातला नाही, म्हणून थोडं वेगळं सुचवतो. होआन कीम तळ्यावर पहाटे साडेपाचला जा. रात्रीचं तळं पर्यटकांचं असतं, पहाटेचं गावकऱ्यांचं. माझ्या वयाची माणसं रांगेने हात हलवत व्यायाम करत असतात, बायका टेपवर गाणं लावून नाचतात, बॅडमिंटन चालतं, मी दुसऱ्या दिवशी त्या हात हलवणाऱ्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो तर एका आजोबांनी मला खूण करून पुढच्या रांगेत ओढलं आणि माझा डावा हात चुकतोय म्हणून तीन वेळा दुरुस्त केला. भाषा एक अक्षर कळत नव्हती. तळ्याच्या नावाचा अर्थ परत केलेली तलवार. ले लोय राजाने ज्या तलवारीने चीनच्या मिंगांना हाकललं ती तलवार तळ्यातल्या कासवाने परत मागून घेतली अशी कथा आहे. समाधी सोमवार आणि शुक्रवार बंद, बाकी दिवशीही फक्त सकाळी, हे आता लक्षात ठेवा.

वान मियू म्हणजे विद्येचं मंदिर जरूर बघा, 1070 सालचं आहे. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर 82 शिलालेख उभे आहेत आणि त्यांवर राजदरबारची परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरली आहेत. परीक्षेला जाणारी मुलं त्या कासवांच्या डोक्यावरून हात फिरवायची, शेवटी दगड झिजायला लागला म्हणून आता कठडा घातलाय. आपल्याकडे दहावीच्या आधी गणपतीपुढे रांग लागते त्यातलाच प्रकार. मी चाळीस वर्षं बँकेत काढली, तीन प्रमोशनच्या परीक्षा नापास झालो, तिथे उभा राहून मला फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आणि आईशी खरं बोला. हसरा फोटो पाठवला तरी आईला कळतं. माझ्या मुलाने जर्मनीहून दोन महिने हसरे फोटो पाठवले होते.

ओली_चप्पल (बुधवार, दुपारी 3:15)

एवढी उत्तरं! थँक्यू सगळ्यांना, विशेषतः काकांना, गूळपोळीचं वाचून डॉर्ममध्ये एकटाच हसलो, खालच्या बंकवाल्या पोराने वर डोकं काढून बघितलं.

सायगॉनकर, व्हिसा बघितला. सिंगल आहे. पंचवीस डॉलरवाला. पन्नासचा मल्टिपल होता तो मी पैसे वाचवायला घेतला नाही आणि मग लाओसहून परत येऊन हा जियांग असा प्लॅन केला, म्हणजे सहा आठवड्यांनी बॉर्डरवर कळलं असतं. एक्सेलमध्ये 14 गावं आहेत (ताई, हो, आहे एक्सेल, रंगसुद्धा दिलेत), त्यातली आता चार-पाच आपोआप गेली.

कपडे सकाळी झत ला मध्ये टाकले. च्या दा ची टपरी सापडली, हॉस्टेलच्या डाव्या हाताला, एक आजी चालवतात. अजून एकदाच गेलोय. त्यांनी किती झाले ते बोटांनी दाखवलं, पाच, म्हणजे पाच हजार, मी चुकून पन्नास हजार दिले, त्यांनी माझा हात धरून पाकिटातून पाचची नोट स्वतः काढून घेतली आणि बाकीचं पाकीट बंद करून परत दिलं. कावडवालीची गोष्ट सांगितली पाहिजे त्यांना, पण कशी सांगू.

सायगॉनकर

बघ वाचलास. आता सोपं कर. व्हिसा 90 दिवसांचा असेल तर व्हिएतनाम एकदाच पूर्ण बघ आणि मग लाओसला जा, परत यायचं नाही. हनोई ते लाओस थेट बस चोवीस तासांची असते, ती घेऊ नकोस, त्यात माणसापेक्षा पोती जास्त. निन्ह बिन्हला उतर, हनोईपासून ट्रेनने दोन-सव्वादोन तास, ताम कोकला होडीवाले पायाने वल्ही मारतात, दोन्ही हात मोकळे, एक बाई वल्हवता वल्हवता विणकाम करत होती. तिथून रात्रीच्या ट्रेनने दा नांग. ह्यू सोडल्यावर हाय वान घाट लागतो, उत्तरेची थंड हवा तो घाटच अडवतो, पलीकडे उतरलास की ऊन. डाव्या खिडकीला बस, समुद्र त्याच बाजूला आहे. मग मध्य व्हिएतनाममधून लाओ बाओच्या चौकीवरून लाओसच्या सावन्नाखेतला जाता येतं. ई-व्हिसाला कुठल्या चौक्या चालतात त्याची यादी सरकारी साइटवर आहे, निघायच्या आधी स्वतः बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पुढे विएन्तियान ते लुआंग प्रबांग ट्रेन आहे, 2021 च्या डिसेंबरात सुरू झाली, दोन तासांत पोचतोस, पूर्वी अख्खा दिवस जायचा.

तीन_हात_नाका

आईला खरं सांगितलंस का?

ओली_चप्पल (रविवार, रात्री 9:05)

सांगितलं. ती म्हणाली मला रविवारीच कळलं होतं, तू तळं दाखवत होतास पण जेवलास का विचारल्यावर कॅमेरा फिरवलास. मग म्हणाली चिवड्यात गरम पाणी घालून बघ, पोह्यांसारखं होईल. झालं नाही, लगदा झाला, पण खाल्ला.

निन्ह बिन्हला आलोय, स्वतंत्र खोली, दार बंद होतं. हनोईत अजून तीन दिवस थांबलो, समाधी राहिलीच, वान मियू बघितलं, आणि टपरीवर एकूण नऊ वेळा गेलो. शेवटच्या दिवशी आजींनी त्यांच्या नातवाला बोलावून माझ्याशी इंग्रजी बोलायला लावलं, तो दहावीत असेल, त्याने मला विचारलं की भारतात सगळे रस्त्याच्या मध्ये थांबतात का, कारण मी रस्ता ओलांडताना थांबतो आणि सगळ्या स्कूटरवाल्यांचा अंदाज चुकतो म्हणे. एका लयीत हळू चालत राहायचं, मागे यायचं नाही, पळायचं नाही, तेच चुकवून जातात. पुण्यात एवढी वर्षं काढून हे मला हनोईत शिकायला लागलं.

आज सायकलने फिरलो. भुरभुर आहेच. मधे दीड तास परत तेच वाटलं, इथे कशाला आलो वगैरे, मग एका घराच्या ओसरीत बसून बान मी चुंग खाल्लं. दा नांगची ट्रेन परवा, डावी खिडकी मिळालीय.

तीन_हात_नाका

आणि तिकिटाची टॅब?

ओली_चप्पल

आहे अजून. एकोणीस हजार झालंय.